मुलीची पहिली शॉटगन: आधी माप, मग मॉडेल

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही मिनेसोटात राहतो. मुलगी तेरा वर्षांची, सातवीत आहे. शाळेच्या ट्रॅप टीममध्ये, म्हणजे उडत्या थाळ्यांवर शॉटगननं नेम मारण्याच्या खेळात, जायचंच म्हणून हट्ट धरून बसली आहे, कारण तिच्या दोन मैत्रिणी आधीच टीममध्ये आहेत. ह्यांचं गाव कोल्हापूरजवळ. स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये पदक मिळाल्यापासून नेमबाजीचं नाव निघालं की हे लगेच तयार. वाढदिवसाला तिला स्वतःची बंदूक घेऊन द्यायची म्हणतात. दुकानात त्यांना लहान मुलांसाठी म्हणून एक हलकी, एकनळी बंदूक दाखवली, स्वस्तही आहे. माझ्या माहेरी किंवा सासरी कुणी कधी बंदुकीला हात लावलेला नाही. घरात बंदूक येणार या विचारानं मला झोप लागत नाही. घ्यावी का? आणि घ्यायचीच तर कोणती? – एक आई

उत्तर: नमस्कार. ती एकनळी घेऊ नका. का ते पुढे सांगते. त्याआधी एक गोष्ट विचारायलाच हवी, जी तुमच्या पत्रात नाही: घरात कोण कोणत्या व्हिसावर आहे?

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पण एच-वन-बी, एल-वन, एच-फोर, एफ-वन अशा व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गंभीर गुन्हा आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत कैदेची, आणि इमिग्रेशनवर होणारा परिणाम वेगळाच. रेंजवर दुसऱ्याची बंदूक दहा मिनिटं हातात घेणंही यात येतं, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. याला काही अपवाद आहेत. राज्याचा चालू शिकारीचा परवाना असणं हा त्यातला नेहमी वापरला जाणारा. पण मित्राच्या सांगण्यावरून त्या वाटेला जाऊ नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा. आपल्याकडे कितीतरी घरांत मुलगी इथे जन्मलेली, म्हणून नागरिक, आणि आईवडील अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. अशा घरात मुलीच्या नावानं आलेली बंदूकही आईवडिलांच्या ताब्यात आहे असं धरलं जाऊ शकतं. तिथे टीमची बंदूक वापरावी आणि ती कोचकडेच राहावी, हा मार्ग वकिलाला विचारून घ्या.

आणि आजीआजोबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात ना, तेही व्हिजिटर व्हिसावरच. नातीच्या कौतुकानं तिची बंदूक हातात धरून फोटो काढू देऊ नका.

आता खेळाकडे येते. स्वप्नीलचं २०२४ चं कांस्यपदक ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समधलं. तेजस्विनी सावंत, अंजली भागवत यांच्यामुळे नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रायफलच येते: निशाणा स्थिर, श्वास रोखलेला, एकच गोळी. ट्रॅप हा भारताला २००४ साली अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोड यांच्या रौप्यपदकानं कळलेल्या कुळातला खेळ. तुमच्या मुलीपासून सोळा यार्डांवर जमिनीलगतच्या यंत्रघरातून सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाची थाळी, म्हणजे क्ले, तिच्यापासून दूर उडते. डावीकडे जाईल की उजवीकडे, ते आधी कळत नाही. नीट नेम धरून बसायला वेळच नसतो. डोळा थाळीवर, बंदूक आपसूक तिच्यामागे. शॉटगनला, म्हणजे एका बारात पुष्कळ छर्रे उडवणाऱ्या बंदुकीला, रायफलसारखी मागची माशी नसते, तिची जागा तुमचा डोळाच घेतो. म्हणून गाल दस्त्यावर दर वेळी अगदी त्याच जागी टेकला पाहिजे. दस्ता लांब असेल तर डोळा भलतीकडे जातो आणि छर्रेही भलतीकडे. शॉटगनमध्ये माप हे सोयीपुरतं नसतं, नेमच त्यावर ठरतो.

मापाची पहिली खूण दुकानात लगेच दिसते. बंदूक रिकामी आणि ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची जागा, उघडी आहे याची खात्री करून घ्या आणि मुलीला सुरक्षित दिशेला खांद्याला लावायला सांगा. ती कंबरेतून मागे झुकली, पोट पुढे आलं, तर बंदूक तिला लांब किंवा पुढे जड आहे. रेंजवर असं मागे रेललेलं मूल दिसलं की मला फार वाईट वाटतं, कारण पुढचा प्रत्येक धक्का ते तोल गेलेल्या अवस्थेत सोसणार असतं. वजन किंचित पुढच्या पायावर, नाक खांद्याच्या पुढे, असं तिला सहज उभं राहता आलं पाहिजे. गाल टेकवल्यावर नाक आणि ट्रिगरच्या हाताचा अंगठा यांच्यात दोनतीन बोटांचं अंतर हवं. मोठ्यांच्या बंदुकीत ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत १४ इंचांच्या आसपास लांबी असते. तेरा वर्षांच्या सर्वसाधारण मुलीला १२ ते १३ इंच लागतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. दस्त्याचं खालचं टोक छातीत रुततं आणि मान लांब असल्यानं गाल नीट पोचत नाही. गालाची पट्टी वरखाली करता येणारा दस्ता आणि रबरी पॅडचा कोन बदलून देणारा बंदुकीचा कारागीर, हे दोन्ही तिथे कामी येतं. गुलाबी रंगाचा दस्ता म्हणजे मुलींचं माप नव्हे. दुकानदार तो हमखास पुढे करतात.

आता त्या एकनळीबद्दल. लहान मूल, म्हणून हलकी बंदूक, हे वरवर पटतं. पण त्याच काडतुसाचा धक्का हलक्या बंदुकीत जास्त बसतो. (पुढे गेज येईल, ते नळीच्या रुंदीचं माप: आकडा लहान तितकी नळी मोठी, म्हणजे १२ गेज ही २० पेक्षा मोठी.) पाच-साडेपाच पौंडांची एकनळी २० गेज मुलीच्या खांद्याला जितकं हाणेल, तितकं साडेसात पौंडांची, गॅसवर चालणारी सेमी-ऑटो सौम्य काडतुसांसह हाणणार नाही, मग ती १२ गेजची का असेना. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत नळीतल्या वायूचा थोडा भाग पुढचं काडतूस भरायच्या कामी लागतो आणि धक्का एकदम न बसता पसरून बसतो. मुलं हा धक्का मुकाट्यानं सोसतात, कारण टीममध्ये रडतोंडं दिसायचं नसतं. घरी आल्यावर खांदा बघा. काळानिळा असेल तर बंदूक, काडतूस किंवा उभं राहणं, यांपैकी काहीतरी चुकतंय.

धक्क्याची धास्ती एकदा बसली की तिला 'फ्लिंच' म्हणतात, आणि ती वर्षानुवर्षं जात नाही. चांगले कोच ती कशी पकडतात ते बघण्यासारखं आहे. मुलाला न सांगता खऱ्या काडतुसाच्या जागी नकली काडतूस भरतात. थाळी उडते, ट्रिगर ओढला जातो, नुसता 'टिक' आवाज येतो, आणि बंदुकीचं तोंड झटकन खाली जातं. आवाज नाही, धक्का नाही, तरी खांदा आधीच पुढे गेलेला असतो. ते एकदा पाहिलंत की ती स्वस्त बंदूक महाग का पडते ते वेगळं सांगावं लागणार नाही.

'मग फोर-टेन घेऊ का, ती सगळ्यात लहान?' असं पुष्कळ वडील विचारतात. नको. फोर-टेनच्या नेहमीच्या अर्ध्या औंसाच्या काडतुसात आठ नंबरचे जेमतेम दोनशे छर्रे असतात, २० गेजच्या पाऊण-एक औंसाच्या दरम्यानच्या, म्हणजे सात-अष्टमांश औंसाच्या काडतुसात साडेतीनशेच्या पुढे. विरळ छर्ऱ्यांतून थाळी निसटते, आणि नव्या मुलीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. फोर-टेन ही मुरलेल्या हाताची बंदूक.

तुमच्या मुलीसाठी माझं मत गॅसवर चालणाऱ्या २० गेज सेमी-ऑटोकडे झुकतं, आखूड दस्त्याची, आणि पुढे मोठा दस्ता बसवता येईल अशी. ट्रायस्टार वायपरचं लहान मुलांसाठीचं मॉडेल चांगलं चालतं. १९६३ साली बाजारात आलेली रेमिंग्टन ११०० जुनी पण नीट राखलेली मिळाली तर सोनंच, सुटे भागही सहज मिळतात. बजेट कमी असेल तर मॉसबर्ग ५०० ची सुपर बँटम ही पंप बंदूक आहे, म्हणजे दर बारानंतर पुढची मूठ हातानं मागेपुढे करून काडतूस भरायचं. तिच्या दस्त्यात पट्टी घालून लांबी १२ वरून १३ इंच करता येते. धक्का मात्र ती शोषून घेत नाही, म्हणून काडतुसं सौम्यच ठेवा. मुलगी अंगानं भरलेली, उंच असेल तर १२ गेज सेमी-ऑटो आणि सात-अष्टमांश किंवा एक औंसाची काडतुसं हाही चांगला पर्याय, पुढे बंदूक बदलावी लागत नाही. ब्राउनिंगची बीटी-९९ टीममध्ये सगळीकडे दिसेल. ती खास ट्रॅपसाठीची एकनळी आहे, दणकट आणि जड. ती दोनतीन वर्षांनी, आवड टिकली तर.

सेमी-ऑटोची रिकामी काडतुसं उजवीकडे उडतात आणि शेजारच्या मुलाच्या कानशिलाला लागतात. ती अडवणारी छोटी क्लिप मिळते, पहिल्याच दिवशी लावा. आणि मुलगी कोणत्या डोळ्याची आहे ते आधी तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, तिच्यातून दूरची वस्तू बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. वस्तू ज्या डोळ्याला दिसत राहते तो डोळा राज्य करतो. उजव्या हाताची मुलगी डाव्या डोळ्याची निघाली तर डाव्या खांद्यावरून शिकणं बहुतेकदा उत्तम, सुरुवातीलाच असेल तर लवकर अंगवळणी पडतं. म्हणजे बंदूकही डावखुरी लागेल. हे बंदूक घेतल्यावर कळलं तर पैसे पाण्यात.

म्हणूनच वाढदिवसाची घाई नको. मिनेसोटाच्या शालेय लीगमध्ये सहावी ते बारावीची हजारो मुलं खेळतात, जूनमध्ये अलेक्झांड्रियात राज्य स्पर्धा भरते, आणि सुरक्षेचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय कुणालाही उतरता येत नाही. तो कोर्स तुम्हीही मुलीबरोबर करा. तुमच्या भीतीवर मला यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही: तुम्हाला स्वतःला बंदूक उघडता, रिकामी आहे का ते बघता आणि बंद करता आली पाहिजे. बऱ्याच टीमकडे शिकाऊ मुलांना द्यायला बंदुका असतात, आणि मुलं मोठी झालेल्या घरांतून आखूड दस्त्याच्या वापरलेल्या बंदुकाही निघतात. आधी तिघीचौघींच्या बंदुकीनं मारू द्या, मग घ्या. वाचलेले पैसे काडतुसांना लागतीलच. एका राउंडला २५, आठवड्याला ५०.

खरेदी आईनं किंवा बाबांनी करायची. परवानाधारक दुकानदार अठराखालच्या मुलाला शॉटगन विकू शकत नाही, पालकांनी स्वतःच्या पैशांनी घेऊन मुलाला भेट देणं कायद्यात बसतं. तुमच्यासारखं पत्र इलिनॉय, न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समधून आलं असतं तर आधी बंदूक बाळगण्याचं राज्याचं कार्ड काढा म्हटलं असतं. कॅनडात १२ ते १७ च्या मुलांसाठी वेगळा परवाना आहे, आणि ब्रिटनमध्ये पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

घरात १२ गेज आणि २० गेज दोन्ही आल्या तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. २० गेजची काडतुसं पिवळी असतात, त्याला कारण आहे. पिवळं काडतूस चुकून १२ गेजच्या नळीत गेलं तर पुढे सरकून अडकतं, नळी रिकामी वाटते, मग मागून १२ चं काडतूस बसतं आणि बार काढला की नळी फुटते. दोन्ही काडतुसं एकाच खिशात, एकाच पिशवीत कधीही नकोत.

घरी सेफ हवीच, बंदुकीच्या आधी. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली किंवा आकडा मुलीकडे नको, कितीही शहाणी असली तरी. आणि हे मला स्पष्ट लिहायलाच हवं: अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. चौदा-पंधराव्या वर्षी मनावर मळभ आलेलं मूल आईला सांगेलच असं नाही, आपल्या घरांत तर नाहीच. मुलीचं जेवण, झोप, मैत्रिणी बदलल्यासारख्या वाटल्या तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर, कोचकडे किंवा क्लबमध्ये ठेवता येईल का ते बघा, आणि तिच्याशी बोला. ९८८ हा आत्महत्येच्या विचारांत किंवा मानसिक संकटात मदत देणारा नंबर दिवसरात्र चालतो. तुमची झोप याच विचारानं उडाली असेल, तर ती भीती दाबू नका, ह्यांना तशीच सांगा.

रेंजवर कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही. शॉटगनचा आवाज एका बारात कान दुखावू शकतो. डोळ्यांना चष्मा. मारून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय सँडविचला हात नाही, छर्रे शिशाचे असतात. बंदूक केसमध्ये, डिकीत. शाळेतून परस्पर प्रॅक्टिसला जायचं म्हणून बंदूक असलेली गाडी शाळेच्या पार्किंगमध्ये नेऊ नका. आधी घरी या, मग निघा.

खंडेनवमीला ती पूजेत ठेवायची इच्छा ह्यांना होईल, कोल्हापूरचे आहेत. ठेवा. ॲक्शन उघडी, काडतूस एकही आसपास नाही, हळदकुंकू लाकडापुरतं, आरती झाली की लगेच सेफमध्ये.

आणि रेंजची पिशवी रेंजचीच राहू द्या. डिसेंबरात भारतात जाताना तीच बॅग कपड्यांसाठी घेतली आणि कोपऱ्यात एक काडतूस राहून गेलं, तर मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. मुलीच्या जॅकेटचे खिसेसुद्धा निघण्याआधी उलटे करून बघा.