राजीनाम्यावर सही करण्याआधी

शहरातील एका डिपार्टमेंट स्टोअर साखळीने पुण्यातली दालने आवरायला घेतल्यापासून फ्लोअरवरच्या मुलामुलींची, कॅशियरची, गोदामातल्या माणसांची पत्रे थांबलेली नाहीत. राग सगळ्यांचा सारखाच आहे आणि गैरसमजही तेच ते आहेत. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्याने ऐकीव माहितीला ऊत आला आहे. म्हणून आधी एकच गोष्ट लक्षात घ्या. त्या तारखेआधी नोकरी गेली असेल तर तुमचे प्रकरण मुख्यतः औद्योगिक विवाद कायदा १९४७ खाली येते. त्यानंतर गेली असेल तर औद्योगिक संबंध संहिता २०२० लागते. भेटायला येताना नोकरी गेल्याची नेमकी तारीख दाखवणारा कागद आणा.

प्रश्न : मॅडम, राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी बुडते का? (एक वाचक, कोथरूड)

नाही. सलग पाच वर्षे पूर्ण असतील तर राजीनामा दिला तरी मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्षाची सेवाही पुरते. पाचव्या वर्षात असाल तर दिवस मोजून घेतल्याशिवाय काही ठरवू नका.

प्रश्न : एचआर एकेकाला केबिनमध्ये बोलावून सांगते, "आज संध्याकाळपर्यंत राजीनामा मेल करा. दोन महिन्यांचा पगार आणि चांगले एक्स्पीरियन्स लेटर देऊ. नाहीतर टर्मिनेट करू, मग कुठेच नोकरी मिळणार नाही." माझी नऊ वर्षे सात महिने झाली आहेत. लॉकडाऊनमध्ये अर्ध्या पगारावर राबलो, त्याचे हे फळ? (एक वाचक, हडपसर)

तुमचा संताप रास्त आहे. पण त्या संतापाच्या भरात, किंवा त्या केबिनमधल्या भीतीपोटी, मेल पाठवू नका. मला सर्वांत जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे सही झाल्यानंतर येतात.

कंपनीला राजीनामा का हवा असतो, ते आधी समजून घ्या. तुम्हाला कामावरून कमी केले तर ती कामगार कपात ठरते आणि कायद्याच्या अटी लागतात. एक महिन्याची कारणांसह लेखी नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार, प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, आणि सरकारला कळवणे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ हे पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची दहा वर्षे झाली. तुम्ही राजीनामा दिलात की यातले काहीच लागत नाही, कारण कागदावर तुम्ही स्वतःहून गेलेले असता.

आता आकडे पाहा. समजा, कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तुमचे वेतन महिना २०,००० रुपये आहे. कपातीची भरपाई १०,००० गुणिले १०, म्हणजे १,००,००० रुपये. नोटिशीचे २०,०००. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पुनर्कौशल्य निधीत १५ दिवसांचे वेतन भरायचे असते आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवे. ते १०,०००. एकूण १,३०,०००. समोर ठेवलेले "दोन महिने" म्हणजे ४०,०००. ग्रॅच्युइटी (२०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १०, सुमारे १,१५,३८५ रुपये) तुम्हाला दोन्हीकडे मिळणारच आहे. ती या "पॅकेज"मध्ये मिळवून रक्कम मोठी दाखवतात, ही शुद्ध फसवणूक आहे. कागदावर प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागा.

पैशाखेरीज आणखी एक हक्क जातो. कपातीनंतर वर्षभरात कंपनीने पुन्हा भरती काढली तर कपात झालेल्यांना आधी संधी द्यायची असते. राजीनामा दिलेल्याला ती मिळत नाही. ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) बेरोजगारी मदतही नोकरी कशी गेली यावर अवलंबून असते. महिना २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेच्या आतल्यांनी बिबवेवाडीच्या ईएसआय कार्यालयात ती योजना सध्या चालू आहे का, हे विचारून घ्यावे.

एक्स्पीरियन्स लेटरच्या धमकीने घाबरू नका. दालन बंद पडल्याने नोकरी गेली, हा तुमच्या चारित्र्यावरचा डाग नाही, आणि पुण्यातल्या रिटेलमध्ये भरती करणाऱ्या कुणालाही हे कळते.

मग करायचे काय? केबिनमध्ये इतकेच सांगा, "मला वाचायला वेळ हवा, लेखी द्या." बाहेर आल्यावर त्याच दिवशी स्वतःच्या मेलवरून एचआरला लिहा की आज अमुक वाजता मला राजीनामा मागितला, मला तो द्यायचा नाही, मी कामावर हजर आहे. कोऱ्या कागदावर सही नाही. "माझे काही येणे नाही" अशा मजकुरावर सही नाही. पैसे घेणे भागच असेल तर सहीशेजारी "हक्क राखून स्वीकारले" असे स्वतःच्या अक्षरात लिहा आणि फोटो काढा. कामावर जाणे थांबवू नका, नाहीतर उद्या "स्वतःच गैरहजर राहिला" असे रेकॉर्ड तयार होईल. हजेरीचा पंच बंद केला असेल तर गेटवरून तसा मेल करा. पगारपत्रके, नेमणूकपत्र, बढतीची पत्रे कंपनीच्या पोर्टलवरून आजच उतरवून घ्या. लॉगिन एका दुपारीत बंद होते.

ज्यांनी मेल पाठवून टाकला आहे, त्यांनी हातपाय गाळू नयेत. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी तो मागे घेता येतो. स्वीकारला गेला असेल तरी दबाव सिद्ध करता येतो, पण त्यासाठी तक्रार लगेच हवी. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव कोर्टाला पटवणे फार अवघड असते. याच आठवड्यात कामगार कायदा पाहणाऱ्या वकिलाला किंवा युनियनच्या माणसाला कागद दाखवा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आले आहे की १०० हून जास्त कर्मचारी असतील तर सरकारची परवानगी लागते आणि ६० दिवसांची नोटीस किंवा तीन महिन्यांचा पगार सक्तीचा असतो. कंपनीने काहीच दिले नाही. (एक वाचक, पिंपरी)

तो मेसेज पुढे पाठवणे कृपया थांबवा. त्यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. कर्मचाऱ्यांना ६० दिवस आधी कळवण्याचा आणि १०० कर्मचाऱ्यांचा नियम अमेरिकेतल्या १९८८ च्या कायद्यातला आहे. आपल्याकडे ६० दिवसांची नोटीस आस्थापना बंद करताना सरकारला द्यायची असते, आणि तीही ५० किंवा अधिक कामगार असतील तर. पूर्वपरवानगीची अट कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी आहे. दुकानाला ती लागत नाही, मग तिथे हजार माणसे का असेनात. जुन्या कायद्यातही नव्हती, नव्या संहितेतही नाही.

तीन महिन्यांचा आकडा तर उलट तुमच्या विरोधात जाणारा आहे. मालकाच्या हाताबाहेरच्या, अटळ कारणाने आस्थापना बंद झाली तर भरपाईवर तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाची कमाल मर्यादा येते. पण केवळ तोटा, पडून राहिलेला माल किंवा जागेचा भाडेकरार संपणे हे अटळ कारण धरले जात नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. मॉलने लीज वाढवली नाही, म्हणून तीनच महिने देतो, असे कुणी सांगत असेल तर ऐकू नका. तुमची आधीची वर्षे पूर्ण मोजली जायला हवीत.

प्रश्न : माझे पद "असिस्टंट डिपार्टमेंट मॅनेजर" आहे. एचआर म्हणते, तुम्ही कामगार नाही, तुम्हाला लेबर कायदा लागत नाही. प्रत्यक्षात मी शर्टांच्या घड्या घालते, बिलिंग करते, स्टॉक मोजते. (एक वाचक, औंध)

छातीवरच्या बिल्ल्यावर काय छापले आहे, याला कायद्यात फारसे महत्त्व नाही. तुमचे मुख्य काम काय, हे पाहतात. अंगमेहनतीचे, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम मुख्य असेल तर वेतनाची कोणतीही वरची मर्यादा नाही. देखरेखीचे काम मुख्य असेल आणि वेतन महिना १८,००० हून जास्त असेल तर नव्या संहितेत तुम्ही कामगार ठरत नाही; जुन्या कायद्यात हा आकडा १०,००० होता. खरोखरीचे व्यवस्थापकीय काम असेल तर वेतन कितीही असो, बाहेर. तुम्ही रजा मंजूर करता का? कुणाला मेमो देता का? कुणाला नेमता-काढता का? तिन्हींचे उत्तर नाही असेल तर तुमची बाजू चांगली आहे. निव्वळ विक्रीचे काम करणाऱ्यांबाबत मात्र निकाल एकसारखे नाहीत, म्हणून स्वतःच स्वतःला कामगार किंवा मॅनेजर ठरवू नका. रोजच्या कामाची यादी, शिफ्टचे तक्ते आणि स्टॉकच्या शिटा घेऊन सल्ला घ्या.

प्रश्न : मी दालनात उभी राहते, पण पगार कॉस्मेटिक्सच्या ब्रँडची एजन्सी देते. कुणाकडे मागू? (एक वाचक, वडगाव शेरी)

आधी एजन्सीकडे, लेखी. पीएफच्या पासबुकात आस्थापना म्हणून कुणाचे नाव आहे ते पाहा आणि दालनाच्या मॅनेजरने दिलेल्या सूचनांचे मेसेज जपून ठेवा. पुढचे सगळे या कागदांवर ठरेल, ते वकिलाला दाखवा.

प्रश्न : पीएफ "तीन दिवसांत" काढून देतो, १० टक्के द्या, असा एजंट भेटला आहे. देऊ का? (एक वाचक, कात्रज)

अजिबात नाही, आणि ओटीपी तर कुणालाच देऊ नका. पोर्टलवरचा अर्ज फुकट असतो. त्याआधी पासबुक उघडून पाहा. अडचणीतल्या कंपन्या पगारातून पीएफ कापतात आणि भरत नाहीत. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते. एखादाही महिना रिकामा दिसला तर आजच पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करा. कापून न भरणे हा गुन्हा आहे. सेवा दहा वर्षांच्या आसपास असेल तर पेन्शनची रक्कम विचारल्याशिवाय काढू नका, आयुष्यभराची पेन्शन घालवून बसाल.

प्रश्न : मी अकरा वर्षे आहे. मला काढले आणि वर्षभरापूर्वी आलेल्या मुलांना ठेवले. याला दीड वर्ष झाले. कंपनी परत बोलावेल, असे मॅनेजर सांगत होते म्हणून थांबलो. (एक वाचक, येरवडा)

त्याच प्रकारच्या कामावर शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे. तो मोडायचा तर मालकाने कारणे नोंदवावी लागतात. जुन्या नियमांप्रमाणे कपातीच्या ७ दिवस आधी ज्येष्ठता यादी लावणेही बंधनकारक होते. तुमच्या दाव्यात दम आहे. पण तुम्ही दीड वर्ष घालवलेत, आणि मॅनेजरच्या तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही. जुन्या कायद्यात वैयक्तिक वादासाठी ३ वर्षे होती, नव्या संहितेत २ वर्षे आहेत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करायला तर फक्त ९० दिवस असतात. उशीर झाला तर त्याचे सबळ कारण कोर्टाला पटवावे लागते. तुम्हाला कोणती मुदत लागते याचा हिशेब घरी करत बसू नका. सोमवारी वाकडेवाडीला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : एफ अँड एफ (नोकरी सुटल्यावरचा अंतिम हिशेब) ४५ दिवसांनी, हा कंपनीचा नियम चालतो का? (एक वाचक, धनकवडी)

चालत नाही. वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. कपातीची भरपाई कपातीच्या वेळीच द्यावी लागते. ग्रॅच्युइटीला ३० दिवस.

प्रश्न : गरोदर आहे, सातवा महिना. यादीत माझे नाव आहे. (एक वाचक, सिंहगड रोड)

आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केले असेल तर काढून टाकल्याने तुमचा प्रसूती लाभ बुडत नाही. सही करू नका आणि या आठवड्यातच भेटायला या.

प्रश्न : कंपनी दिवाळखोरीत गेली तर सगळे संपले का? (एक वाचक, चिंचवड)

संपत नाही, पण फार लांबते. बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेलवर दिवाळखोरीची प्रक्रिया जुलै २०२२ मध्ये सुरू झाली आणि कंपनी मोडीत काढण्याचा आदेश यायला जुलै २०२४ उजाडला. प्रक्रिया सुरू झाली की कोर्टातले दावे थांबतात आणि ती प्रक्रिया पाहणारा एक दिवाळखोरी व्यावसायिक नेमला जातो. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, त्यात दिलेल्या तारखेच्या आत प्रत्येकाने आपला दावा भरायचा असतो. "एचआरने आमची यादी दिली असेल" असे समजून गप्प राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे नाव कुठल्याच यादीत नसते. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरतात, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्याखाली. पीएफ आणि ग्रॅच्युइटी निधीतले पैसे या वाटपात येतच नाहीत. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणून कंपनी अजून चालू आहे तोवरच थकबाकीची लेखी मागणी करून ठेवा.

प्रश्न : माझे यजमान गोदामात होते. नोकरी गेल्यापासून कुणाशी बोलत नाहीत, कागद कपाटात टाकून दिलेत. "काही उपयोग नाही" म्हणतात. त्यांच्या वतीने मी तक्रार करू शकते का? वकिलाची फी परवडणार नाही. (एक वाचक, भोसरी)

ताई, अर्जावर सही त्यांचीच लागेल. पण बाकीची तयारी तुम्ही करू शकता. कपाटातले कागद काढा, तारखेप्रमाणे लावा, बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदींच्या प्रती काढा. फीची चिंता सोडा. औद्योगिक कामगाराला मोफत विधी सहाय्य मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. आधार कार्ड, नेमणूकपत्र आणि शेवटचे पगारपत्रक सोबत न्या. यजमानांना घेऊन जा. त्यांना तिथे काही बोलता आले नाही तरी चालेल, फक्त बरोबर येऊ देत. घरी ते जेवत-झोपत नसतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, अर्ज दोन दिवसांनी दिला तरी चालतो.