साड्यांखाली पिस्तूल

प्रश्न: आमच्या ह्यांच्याकडे लायसनचं .३२ पिस्तूल आहे, भरलेली मॅगझिन (गोळ्यांची पेटी) लावून कपाटात साड्यांखाली असते, अन् आता सुट्टीत नातू येतोय, काय करू? (एक आजी, नागपूर)

उत्तर: अहो काकू, साड्यांखाली म्हणजे पोरांना पहिल्यांदा सापडायची जागा! काकांना म्हणा आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, बघा, मॅगझिन काढली तरी तिथं एक गोळी राहू शकते, लोक इथंच फसतात. पिस्तूल एका लॉकरात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, चाव्या काकांकडेच, कारण लायसन त्यांचं आहे, तुमचं नाही. अन् कूलरच्या खोलीत गोळ्या नकोच बाप्पा, ओलाव्यानं गोळ्यांचं पितळ हिरवं पडतं. लायसनची मुदत संपली असेल तर १९५९च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे सगळं पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करावं लागतं, पावती घ्या.