कानात शिट्टी, दडे, गालाला मुंग्या आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल: आता कोणत्या तपासण्या करायच्या?

एका कानात सतत शिट्टी, मधूनच दडे बसणं, त्याच बाजूच्या गालाला मुंग्या, कधी गरगरणं. ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) आणि एमआरआय नॉर्मल, आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, असं तुम्ही लिहिलंय. निदान झालं नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. तपासणीच्या दिवशी त्रास होता का आणि नेमकं काय तपासलं, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

साध्या ऑडिओमेट्रीत २५० ते ८००० हर्ट्झ एवढाच पट्टा बघतात. मेनिएर या आतल्या कानाच्या आजारात सुरुवातीला खालच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं आणि अटॅक ओसरला की बरेचदा पूर्ववत होतं. म्हणजे कान मोकळा असताना केलेली चाचणी नॉर्मल येऊ शकते. ऑडिओलॉजिस्टला आधी सांगून ठेवा आणि कान गच्च असेल त्याच दिवशी चाचणी करा, सोबत टिम्पॅनोमेट्रीही (कानाचा पडदा आणि मधल्या कानातला दाब तपासणारी चाचणी). एमआरआयच्या कागदावर फक्त ‘ब्रेन’ लिहिलंय की कानाच्या नसेचे बारीक छेद घेतलेत, ते बघा. नसेवरची लहान गाठ साध्या ब्रेन एमआरआयमध्ये निसटू शकते. स्वतःचाच आवाज किंवा डोळे फिरवल्याचा आवाज कानात घुमत असेल, तर आतल्या कानावरच्या हाडाला भोक असण्याची शंका येते. त्यासाठी टेम्पोरल बोनचा (कानाभोवतीच्या हाडाचा) सीटी लागतो.

गरगरण्याची वेळ घड्याळ लावून मोजा. माझ्या मते कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा ही नोंद जास्त उपयोगी पडते. कूस बदलल्यावर गरगरून एका मिनिटाच्या आत थांबलं, तर बहुधा कानातले कण सरकलेत, आणि ते डोक्याच्या ठरावीक हालचालींनी जागेवर आणता येतात. २० मिनिटं ते १२ तास टिकलं आणि ऐकूही कमी आलं, तर मेनिएरची शंका. ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत काहीही, सोबत उजेड-आवाज सहन न होणं, तर व्हेस्टिब्युलर मायग्रेनचा (चक्कर आणणाऱ्या अर्धशिशीचा) विचार करावा लागतो. डोकं दर वेळी दुखेलच असं नाही. तारीख, वेळ, किती टिकलं, कान कसा होता, आदल्या रात्रीची झोप: एवढं पुरे.

मुंग्यांचा विचार वेगळा करा. कान आणि त्याभोवतीच्या भागाला चेहऱ्याच्या, घशाच्या आणि मानेच्या नसा मिळून संवेदना पुरवतात, त्यामुळे मूळ दुखणं जबड्याच्या सांध्यात, दाढेत किंवा मानेत असू शकतं. दात घट्ट आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर शिट्टीचा सूर बदलतो का, ते बघा आणि बदलत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. हातापायांनाही मुंग्या येत असतील तर बी १२, थायरॉईड आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) तपासा. बी १२ च्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी) नॉर्मल आली तरी बारीक नसांचा आजार नजरेतून निसटू शकतो, कारण ती चाचणी फक्त जाड तंतू मोजते.

चक्करेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नका. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशा औषधांनी मेंदूचं तोल सावरायला शिकणं लांबतं आणि उतारवयात हात थरथरणं, हालचाल मंदावणं असे त्रास होऊ शकतात. व्हीएनजी (डोळ्यांच्या हालचालींवरून तोल तपासणारी) चाचणीआधी यातलं काय आणि किती तास बंद ठेवायचं, हे डॉक्टरांना विचारा. बीपी किंवा फिटची औषधं मनाने थांबवू नका.

अचानक एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं तर मळ असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. आतल्या कानाचं नुकसान असेल तर स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो. चेहरा वाकडा होणं, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, उभं राहता न येणं यांपैकी काहीही झालं तर थेट इमर्जन्सीत.

रात्री पूर्ण शांततेत शिट्टी मोठी वाटते. पंखा किंवा पावसाचा आवाज शिट्टीपेक्षा थोडा खालच्या पातळीवर लावून झोपा. दिवसभर कानात बोळे घालून बसू नका, त्याने कान आणखी हळवा होतो. तेल आणि इअरबड तर नकोच.