अर्ज केला म्हणजे स्थगिती मिळाली असे नव्हे

लहान औषध उत्पादकांची अशी पत्रे माझ्याकडे सतत येतात, तुमचेही त्यातलेच. एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने, तुमच्या गोळीची कमाल किंमत राजपत्रात जाहीर केली, तुम्ही पुनर्विलोकनाचा अर्ज केला आणि निकाल येईपर्यंत जुन्याच दराने माल विकत राहिलात. आता जादा आकारणीची, व्याजासह वसुलीची नोटीस आली आहे.

कच्चा माल महागला, बल्क ड्रगवाल्यांना (औषधांचे मूळ घटक बनवणाऱ्यांना) प्रोत्साहन अनुदान आणि आमच्यावर मात्र मर्यादा, ही तुमची तक्रार खरी असेल. पण या नोटिशीच्या उत्तरात ती घालू नका. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशातले सूत्र तुमचा खर्च पाहतच नाही. बाजारात किमान 1 टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडांच्या घाऊक दरांची सरासरी आणि त्यावर किरकोळ विक्रेत्याचे 16 टक्के, संपले. ‘आमचे म्हणणे ऐकून घेतले नाही’ हा मुद्दाही टिकणे कठीण. किंमत ठरवणे हे कायदे करण्यासारखे काम आहे, त्यात प्रत्येकाची सुनावणी घ्यावीच लागते असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये सायनामाइड खटल्यात सांगून ठेवले आहे.

तुमचे प्रकरण अडते ते याच आदेशाच्या, पुनर्विलोकनाबद्दलच्या परिच्छेद 31 वर. राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून 30 दिवसांत अर्ज, हा भाग तुम्ही पाळलात. त्याखालचे परंतुक, म्हणजे जोडलेली अट, वाचले असते तर आज ही वेळ आली नसती: अर्ज प्रलंबित असेपर्यंत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. हे जास्तीचे पैसे रुग्णांच्या खिशातून गेले आहेत आणि व्याज मोजले जाते ते जादा आकारणी सुरू झाल्या दिवसापासून.

तेव्हा एमआरपी आजच उतरवा, नवी दरसूची वितरकांना पाठवा. मग नोटिशीतला हिशेब तपासा: बॅच, कर, परत आलेला माल. रक्कम कमी झाली तर इथेच होईल. अर्जावर महिनोन्‌महिने निर्णय न देणे अक्षम्य आहे, आणि लवकर निर्णयाचा आदेश उच्च न्यायालयाकडे जरूर मागा. वसुलीला स्थगिती मिळेलच असे सांगता येत नाही. मिळाली तरी काही रक्कम आधी भरावी लागण्याची शक्यता धरा.

उत्पादन बंद करण्याचा विचार लिहिला आहे. तो रागाच्या भरात अमलात आणू नका. अनुसूचित, म्हणजे किंमत नियंत्रणाच्या यादीतले, औषध बंद करायचे तर जाहीर सूचना आणि सरकारला किमान 6 महिने आधी कळवणे बंधनकारक आहे, आणि त्यानंतरही सरकार एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकते.