मुलीला जंतूंच्या टॉक्सिनवर (विषावर) काम करायचंय, नीटची परीक्षा परत द्यायची का?

ताई, तुम्ही धायरीच्या, 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे (गुलियन-बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट सापडायला लागले तेव्हापासून मुलगी जंतूंबद्दलच वाचत बसते, नीटला मार्क कमी पडले, आता ती मायक्रोबायोलॉजी म्हणतेय आणि घरचे म्हणतायत ड्रॉप घे नाहीतर जन्मभर लॅबमध्ये रिपोर्टच काढशील.

माझं ऐकाल तर ड्रॉप नको. पत्राखाली तिने स्वतः विचारलंय की कॉलरात आतड्याला जखम होत नाही मग एवढं पाणी जातं कसं, आणि असा प्रश्न पडणारी पोरगी रिसर्चमध्येच रमते हो.

तिला सांगा, आतड्याच्या अस्तराला पेशींचा एकच थर असतो, कॉलराच्या टॉक्सिनला ए आणि बी असे दोन प्रकारचे भाग असतात, पाच बी भाग त्या पेशीवरच्या जीएम1 नावाच्या साखर-चरबीच्या रेणूला चिकटतात, ए भाग आत शिरतो, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतच राहतो, क्लोराइडचं चॅनल उघडं राहतं आणि क्लोराइडमागोमाग सोडियम नि पाणी बाहेर. पेशी मात्र जिवंत असते! ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी वाट शाबूत राहते, त्यामागून पाणीही आत येतं, म्हणूनच साखर-मिठाचं ओआरएस लागू पडतं. हे टॉक्सिन असतं हे 1959 मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं, जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रव सशाच्या आतड्यात घालून. ते डॉक्टरच होते हे खरं, पण आज ह्या कामाला एमबीबीएस लागतंच असं नाही.

आणि जीबीएस टॉक्सिनमुळे होत नाही बरं का. कॅम्पिलोबॅक्टर ह्या पोट बिघडवणाऱ्या काही जंतूंच्या आवरणाचा भाग आपल्या नसांवरच्या जीएम1 सारखा दिसतो, म्हणून आपलीच इम्युनिटी नसांवर उलटते. तोच जीएम1! हे वाचून ती दोन दिवस झोपणार नाही.

आता अ‍ॅडमिशनचं. गरवारे किंवा मॉडर्नला बीएस्सी मायक्रो चांगलं आहे, पाषाणच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही वेगळी परीक्षा असते, तीही देऊ दे. पुढे एमएस्सी, नेटची परीक्षा, मग पीएचडी, विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था आहे तिथे पेशींवरच काम चालतं. वडिलांना आधीच सांगा की धड पगार सुरू व्हायला दहाएक वर्षं जातात, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर मधे महिना 37,000 रुपये येतात. पीएचडी नको वाटली तर एमएस्सीनंतर लस आणि फार्मा कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलच्या नोकऱ्या असतात, त्याला कमी लेखू नका.

एकच अट, केमिस्ट्री आवडत नसेल तर मला परत लिहा, कारण टॉक्सिनचं अर्धं काम बायोकेमिस्ट्रीच आहे आणि तिथे पाठांतर चालत नाही.