दीड एकर गहाण ठेवून ‘ईव्ही’ची डिग्री?

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ चालवतो, गाव खानापूर तालुक्यात. मुलाला मराठी माध्यमातून दहावीला ८१ टक्के मिळाले. तो मेकॅनिकल डिप्लोमा म्हणतो, पण त्याला काय कळतं? त्यानं माझ्यासारखे हात काळे करू नयेत. पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, मग पुण्यात खासगी कॉलेजात ‘ईव्ही’ची, म्हणजे विजेवरच्या वाहनांची डिग्री आणि इलेक्ट्रिक बस-ट्रक बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, असा विचार आहे. मेकॅनिकलला आता भविष्य नाही. दीड एकर गहाण ठेवायची तयारी आहे. ठेवू का?

उत्तर : नका ठेवू. पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती ‘त्याला काय कळतं’ या शब्दांची. मुलगा स्वतःहून मेकॅनिकल म्हणतो, कारण त्यानं तुमचं काम जवळून पाहिलंय आणि ते त्याला आवडलंय. त्या कामाचा कमीपणा वाटतो तो तुम्हाला. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरणाऱ्या कारागिरानं तो का मानावा? आणि जमिनीचं ओझं डोक्यावर घेऊन तो पुण्याला गेला, तर एखादा विषय राहिला तरी घरी सांगणार नाही. अशी मुलं माझ्याकडे येतात, बहुतेक वेळा फार उशिरा.

बस विजेवर चालते म्हणून मेकॅनिकल संपलं, हा गैरसमज आहे. इंजिन, क्लच जातात, आणि इंजिनाचेच सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांना त्याची धास्ती हवीच. पण चासी, अॅक्सल, सस्पेन्शन, स्टिअरिंग, एअर ब्रेक कुठे जाणार? टनाहून जड बॅटरी छतावर किंवा मागे बसवायची, तर सांगाडा नव्यानं आखावा लागतो, वेल्डिंग चोख लागतं. बॅटरी थंड ठेवायला पंप आणि कूलंटचे पाइप आलेच. जोडीला हाय व्होल्टेज शिकावं लागेल : ६०० व्होल्टच्या आसपासचा डीसी (एकाच दिशेनं वाहणारा) प्रवाह, तो वाहून नेणाऱ्या नारिंगी केबल, हात लावण्याआधी पुरवठा तोडायची शिस्त. पाया पक्का असला की हे शिकता येतं.

तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डीसीईटी (डिप्लोमा झालेल्यांसाठीची कर्नाटकची प्रवेश परीक्षा) देऊन थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हे सगळं बेळगावात होतं. पुणंच हवं, तर सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात प्रवेशाची तरतूद आहे. तुमचं गाव त्यात आहे का पाहा.

टाटांचा बस बांधणारा कारखाना आपल्या शेजारी धारवाडला आहे. तिथं कन्नड लागेल. मुलाचं कन्नड कच्चं असेल तर डिप्लोमाच्या तीन वर्षांत ते बोलण्यापुरतं तरी पक्कं करून घ्या.