ऑरेंज अलर्ट रत्नागिरी जिल्ह्याला, आणि आमच्याकडे कडक ऊन! हवामान खात्याचा अंदाज असा का चुकतो?

बऱ्याचदा तो चुकलेला नसतो. अलर्ट अख्ख्या जिल्ह्याचा असतो, मंडणगडापासून राजापुरापर्यंत. त्यात कुठेतरी २४ तासांत ११५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तरी तुमचं अंगण कोरडं राहू शकतं.

जून-जुलैत समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि बाष्पाचे थेंब होतात. म्हणून किनाऱ्यावरच्या वेंगुर्ल्यापेक्षा आंबोलीत दुपटीहून जास्त पाऊस. हे ढग पसरट, करडे, फारसे उंच नसलेले. गडगडाट कमी, पण संततधार. यांचा अंदाज त्यातल्या त्यात बरा जमतो.

खरी पंचाईत ऑक्टोबरात, भातकापणीच्या ऐन वेळी. सकाळी निरभ्र आकाश, दुपारी जमीन तापली की गरम दमट हवा वर उसळते आणि घाटमाथ्याकडे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग फुगू लागतात. माथा दहा-बारा किलोमीटरवर जाऊन ऐरणीसारखा सपाट पसरला, की वीज आलीच. तेव्हा वरचे वारे पूर्वेकडून असतील तर संध्याकाळी हे ढग खाली आपल्याकडे सरकतात. असा एक ढग जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो, तो नेमका कुठल्या वाडीवर फुटेल हे आदल्या दिवशी सांगणं कुणालाच शक्य नाही.

त्यामुळे कापणीच्या दिवसांत जिल्ह्याच्या अंदाजापेक्षा खात्याचा तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि रडारचं चित्र बघा. आणि दुपारनंतर अधूनमधून पूर्वेकडे नजर टाका.